भिवपुरीला चढायचं, नेरळला उतरायचं

आल्या वाटेने परत उतरायचा मला मनापासून कंटाळा आहे. त्यामुळे ट्रेक ठरवताना चढायला एक वाट आणि उतरायला दुसरी मिळते का, हे मी आधी बघते. मुंबईकरांना त्यासाठी माथेरानइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मध्य रेल्वेवर नेरळ आणि भिवपुरी रोड ही लागोपाठची स्टेशनं. भिवपुरीला उतरायचं, गार्बेटच्या पठारावरून माथेरानात शिरायचं, झाडीतून बाजारपेठ गाठायची आणि दस्तुरीवरून, म्हणजे गाड्या जिथवर येतात त्या नाक्यावरून, नेरळला खाली यायचं. उरलेला गोल लोकल पूर्ण करते.

ऑक्टोबरात जायचं ठरलं. मी, माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि माझी दहावीतली भाची. भाचीच्या आईची एकच अट होती, अंधाराच्या आत पोर घरी. म्हटलं तर साधी अट, पण आमचं सगळं वेळापत्रक तिच्यावरच उभं राहिलं.

वार शनिवारचा धरला. रविवारी मेगाब्लॉकची टांगती तलवार, शिवाय माथेरानात पाय ठेवायला जागा नसते. कर्जत लोकलचं गणितही निराळं. बदलापूरपर्यंत गाड्यांची रेलचेल, पुढे मात्र एक चुकली की फलाटावर बसा डास मारत. म्हणून एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळा दाखवणाऱ्या ॲपवर बघून जायची एक पहाटेची गाडी आणि यायच्या तीन गाड्या लिहून ठेवल्या. हो, कागदावर! डोंगरात फोनची बॅटरी कशी उतरते ते ठाऊक आहे. नवख्यांसाठी एक सांगते: कल्याणला लाईन फुटते, कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर भलत्याच डोंगरात पोचाल.

गोल कुठल्या बाजूने फिरायचा यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मैत्रिणीच्या नवऱ्याचं म्हणणं, नेरळहून टॅक्सीने वर जाऊ आणि गार्बेटवरून उतरू, दम लागणार नाही. मी हट्टाने उलटं लावून धरलं. गार्बेटच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, चढताना हाताचा आधार घेता येतो, उतरताना थकलेल्या गुडघ्यांना तिथेच घाम फुटतो. दुसरं म्हणजे, दमल्यावर आपण कुठे असणार याचा विचार करायला हवा. आमच्या क्रमाने दुपारी आम्ही माथेरानच्या बाजारात असणार होतो, जिथे चहा, पाणी, दवाखाना, माणसं सगळं आहे. त्याच्या क्रमाने त्या वेळी आम्ही कुठल्या तरी ओढ्यात वाट शोधत असतो.

वेळ काढायला मी नेस्मिथचा जुना नियम वापरते. सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला वर आणखी एक तास. माथेरान समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे आणि भिवपुरी अगदी पायथ्याला, म्हणजे नुसत्या चढाईचाच तासाहून जास्त वेळ होतो. पण हा नियम १८९२ मधल्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाचा. त्याने आपलं ऑक्टोबरचं ऊन पाहिलेलं नव्हतं. मी आलेल्या उत्तराची सरळ दीडपट करते, थांबे वेगळे धरते.

अशा गोल वाटेला एक जागा अशी येते की तिच्यापुढे गेल्यावर मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणंच बरं पडतं. आमच्यासाठी ती जागा गार्बेटचं पठार होती. म्हणून नियम केला: अकरापर्यंत पठारावर पोचलो तर पुढे, नाहीतर डबे खाऊन आल्या वाटेने खाली, वाद नाही. ऑक्टोबरात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं. आणि मुंबईतून मान्सून परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर असल्यामुळे त्या दिवसांत दुपारनंतर विजा कडाडणाऱ्या सरी येतात. उघड्या पठारावर तेव्हा असायचं नव्हतं. हवामान खात्याचा इशाराही मुंबईचा बघून उपयोग नाही, माथेरान रायगड जिल्ह्यात आहे. (भर पावसाळ्यात जाणार असाल तर आणखी एक चौकशी करा. कर्जत तालुक्यातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर प्रशासन बरेचदा बंदी घालतं.)

सामानाचं फार सांगत नाही. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएस, थालीपीठं, टॉर्च, फुल पँट. ऑफलाइन नकाशा सगळ्यांच्या फोनमध्ये, आणि भाचीच्या आईकडे आमची वाट व वेळा लिहिलेला मेसेज.

भिवपुरीहून डिकसळ, मग पाली-भुतवली धरणाच्या कडेने सपाटीचं चालणं. हा भाग झपाझप उरकावा. डोंगराची ही बाजू पूर्वेची, त्यामुळे सूर्य वर आला की सगळी चढण पाठीवर ऊन घेऊन करावी लागते. पहाटेच्या लोकलचा अट्टहास त्यासाठीच होता.

खरी गोम सागाच्या वाडीपाशी आहे. तिथून वर इतक्या वाटा फुटतात की नकाशावरची एक रेघ प्रत्यक्षात पाच होतात. अंगणात भात वाळवत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "आजी, पठारावर जायला हीच वाट ना?"

"ती गुरांची हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या. "गुरांची वाट रुंद दिसते, पर पान्यापाशी संपते. तुमी ती बारीक धरा, उजवीकडची."

त्यानंतर मी मुद्दाम बघत गेले. रुंद, तुडवलेल्या वाटेवर शेण होतं, खुरांचे ठसे होते आणि ती सपाटीने ओढ्याकडे वळत होती. माणसांची वाट अरुंद होती, पण दगडांवर बुटांनी घासून गुळगुळीत झालेले पट्टे होते आणि ती चढ सोडत नव्हती. हे कुठल्याही ॲपमध्ये दिसत नाही.

अकराला पाच-दहा मिनिटं असताना पठारावर आलो. सोनकीच्या पिवळ्याधमक फुलांनी सगळं भरलेलं. भाची म्हणाली, "मावशी, इथेच थांबूया ना!" पंधरा मिनिटं दिली, जास्त नाही. पुढचा गार्बेट पॉइंटकडचा चढ छातीवर येतो, घसाऱ्यावरून एकेकाने जायचं, मधे अंतर ठेवायचं. मैत्रिणीचा नवरा इथे एकदम गप्प झाला, त्यावरून दिशेचा वाद मिटला असं मी समजले.

पॉइंटवर पोचलं की चित्र पालटतं. तांबडी माती, अंजनी-जांभळाची गर्द सावली, आणि मोटार नसल्यामुळे घोड्यांच्या टापा लांबून ऐकू येतात. बाजारपेठेपर्यंतचं हे चालणं सगळ्यात सुखाचं. फक्त हातात खाऊ धरू नका, माकडं टपलेली असतात.

उतरायला १९०७ पासूनची मिनी ट्रेन आहे, पण नेरळपर्यंतची गाडी पावसाळ्यात बंद असते आणि ऑक्टोबरात सुरू होईलच असं धरून चालता येत नाही. आम्ही तिला हिशेबातच घेतलं नव्हतं. रुळांच्या कडेने दस्तुरी गाठली आणि तिथून शेअर टॅक्सीने नेरळ. घाटातली वळणं पायी उतरायचाही विचार होता, पण डांबरी रस्त्यावर गुडघे झिजवण्यात मला तरी काही अर्थ वाटत नाही.

कागदावरच्या तीनपैकी दुसरी लोकल मिळाली. उजेड असताना पोर घरी पोचली. आता तिला पेबचा किल्ला करायचाय, त्यावरूनही दस्तुरीकडे निघता येतं. वाटेत लोखंडी शिडी आहे, हे तिच्या आईला सांगायचं काम माझ्याकडे आलंय.