इंडिया लोकेशनवर स्ट्रीमिंग: व्हीपीएन टेस्टिंगचा पुढचा टप्पा

मंडळी, यावेळी व्हीपीएनचं (म्हणजे दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून इंटरनेट वापरायची सोय) फक्त इंडिया लोकेशन धरून बसलो, इथे फ्रँकफर्टहून भारतातलं स्ट्रीमिंग नीट चालतं का ते बघायला. आणि आता "चालतं" हा शब्द मी फार जपून वापरतोय, कारण एक एपिसोड सुरू झाला म्हणजे झालं असं नाहीये, सकाळी मस्त चाललेलं कनेक्शन रात्री प्रॉक्सीचा एरर (व्हीपीएन पकडला गेल्याचा मेसेज) देतं, मग डिस्कनेक्ट करून परत तेच लोकेशन घेतलं की दुसरा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो आणि गाडी परत सुरू. त्यामुळे लॉगमध्ये नुसतं देशाचं नाव लिहून काही कळत नाही, आयपी आणि एएसएन (तो आयपी कोणत्या कंपनीच्या नेटवर्कचा आहे ते सांगणारा नंबर) लिहायलाच हवा. एएसएन होस्टिंग कंपनीचा असेल तर स्ट्रीमिंगवाल्यांना ओळखायला एकदम सोपं जातं.

इंडियाचं प्रकरण तर अजूनच वेगळं. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने (भारत सरकारची सायबर सुरक्षा संस्था) व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायचा आदेश काढला, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढले. एक्सप्रेसने मग सिंगापूर आणि यूकेमधून व्हर्च्युअल इंडिया दिलं, म्हणजे आयपी भारताचा पण मशीन भलतीकडेच. हे पकडायला पिंग बघा, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. फायबरमधून सिग्नल 1 मिलिसेकंदात साधारण 200 किमी जातो, फ्रँकफर्ट ते मुंबई सरळ रेषेत साडेसहा हजार किमी, म्हणजे जाऊन येऊन 65 मिलिसेकंदांच्या खाली पिंग येणं शक्यच नाही. 15-20 दिसला की समजायचं सर्व्हर इथेच युरोपात आहे. मला ही टेस्ट सगळ्यात जास्त आवडते!

स्पीडचं एवढं टेन्शन नको, नेटफ्लिक्स स्वतः 4के साठी 15 एमबीपीएस सांगतं. घात होतो तो लीकमध्ये. आयपीव्ही6 (नव्या पद्धतीच्या आयपीचा) ट्रॅफिक व्हीपीएनच्या टनेलच्या बाहेरून गेला की खरा पत्ता उघडा पडतो, आणि फोनच्या ॲपला लोकेशन परमिशन दिली असेल तर आयपी कितीही भारतीय असो, जीपीएस जर्मनीच सांगणार. म्हणून आधी ब्राउझरवर टेस्ट, मग फोन, मग टीव्ही.

आता पुढे नाशिकच्या घरी रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर) लावून वायरगार्ड (स्वतःचा व्हीपीएन चालवायचं सॉफ्टवेअर) करायचंय, घरगुती आयपी मिळेल. तिकडचं कनेक्शन सीजीनॅटमागे आहे (म्हणजे कंपनी एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटते), त्यामुळे बाहेरून आत जाता येत नाही, तर पायनेच इथल्या राउटरला कनेक्ट करायचं आणि कीपअलाइव्ह 25 ठेवायचा (म्हणजे दर 25 सेकंदांनी एक छोटा सिग्नल, कनेक्शन उघडं राहायला) असं ठरवलंय. असा सेटअप कोणाचा असेल तर संध्याकाळी अपलोड स्पीड किती टिकतो ते आकड्यासकट सांगा.