पावलाची नाडी

ऊसतोड चालू होती. खानापूरजवळच्या आमच्या शेतात भरलेली ट्रॉली मागं सरकली आणि माझा उजवा गुडघा चाक आणि बांधाच्या मध्ये सापडला. दुपारचे चार वाजले होते. रक्ताचा थेंबही बाहेर आला नाही. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, सांधा निखळून परत बसलाय म्हणाले, पट्टी बांधली आणि उद्या दाखवायला सांगितलं. पावलाची नाडी कुणी बघितली नाही. त्याचा राग मला अजून येतो.

सहाच्या सुमाराला तिथल्याच एका सिस्टरनं चादर बाजूला करून पावलावर हात ठेवला. "कालु तण्णग ऐति," ती म्हणाली. पाय थंड पडला होता. डावा पाय ऊबदार, उजवा पांढराफटक, बोटं हलेनात. थोरल्या दादानं शेजाऱ्यांची गाडी मागितली आणि तासाभरात आम्ही बेळगावात होतो.

तिथं डॉक्टरांनी डॉपलर, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावला. डाव्या पावलात सूं सूं आवाज, उजव्यात काहीच नाही. सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, गुडघ्यामागची धमनी मध्येच संपलेली दिसली. सांधा निखळताना ती ताणली जाते, आतला पदर फाटतो, तिथं गुठळी बसते. म्हणून बाहेर रक्त दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, "रक्ताशिवाय स्नायू साधारण सहा तास तग धरतात. तुमचे तीन गेलेत." संमतीपत्रावर पाय काढावा लागण्याची शक्यताही लिहिली होती. दादानं सही केली तेव्हा त्याचा हात थरथरत होता.

ऑपरेशनमध्ये गुडघा बाहेरून सळ्यांनी स्थिर केला. डाव्या मांडीतली शीर काढून, उलटी फिरवून धमनीच्या जागी जोडली. शिरेतल्या झडपा रक्त एकाच दिशेला जाऊ देतात, म्हणून ती उलटी लावावी लागते.

सकाळी पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून उघडी ठेवलेली पाहिली आणि मी हादरलो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रक्त परत आलं की स्नायू सुजतात. वरचं घट्ट आवरण मोकळं केलं नाही तर त्या दाबानं रक्त पुन्हा अडतं आणि ते मरतात. पुढं मांडीची कातडी लावून त्या जखमा झाकल्या. ऑपरेशनच्या रात्री सिस्टर तासातासाला पेनाच्या खुणेवर नाडी चाचपत होती. बायकोही शेजारी बसून तेच शिकली.

अंगठ्याला अजून स्पर्श कळत नाही. गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन रोज चालू आहे. गेल्या महिन्यात बांधावरून चालत विहिरीपर्यंत गेलो.