अकरा वर्षांपूर्वीचा नवा बेल्ट

गाडी बघायला गेलो तेव्हा आधीच्या मालकांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं, "टायमिंग बेल्टची काळजीच करू नका. बदललेला आहे. त्यानंतर गाडी जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालली असेल." ते खोटं बोलत नव्हते. फाइलमध्ये पावती होती, पावतीवर तेव्हाचं रीडिंग होतं, आणि फरक खरोखरच तेवढा निघाला. माझी नजर मात्र तारखेवर अडकली. पावती अकरा वर्षांपूर्वीची होती.

गाडी होती १९८६ ची पोर्शे ९४४. "सुरू करून दाखवतो," असं ते म्हणाले, पण मी नको म्हटलं. व्यवहार झाला आणि फ्लॅटबेडवर चढवून मी ती घरी आणली. इंजिनाचा आवाज न ऐकताच गाडी घेतली म्हणून मित्रांनी मला वेड्यात काढलं. आजही तसंच करीन.

९४४ चं अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे. म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात आणि ही पाळी सांभाळतो तो टायमिंग बेल्ट. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जागच्या जागी थांबतो, क्रँकशाफ्ट (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) मात्र वेगामुळे फिरत राहतो आणि पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, काढण्यावाचून गत्यंतर नाही. काही इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते. ती झिजली की खडखडायला लागते, तेवढी तरी सूचना मिळते. बेल्ट बहुतेक वेळा काहीच न सांगता जातो.

अडीच हजार किलोमीटरच चाललेला बेल्ट खराब कसा होईल, हे मला त्यानंतर अनेकांनी विचारलं. बेल्ट म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत काचेच्या तंतूंचे पीळ असतात, ताण तेच सोसतात. दातांवर नायलॉनचं कापड असतं आणि या सगळ्याला बांधून ठेवणारं रबर असतं. रबर वर्षागणिक कडक होत जातं, गाडी चालो वा न चालो. उभ्या गाडीत बेल्टचा तोच तुकडा तीच वळणं घेऊन महिनोन्‌महिने ताणाखाली बसून राहतो. मग एके दिवशी इंजिन सुरू होतं आणि कडक झालेला बेल्ट एकदम मिनिटाला हजारो वेळा वाकायला लागतो. आतले तंतू तुटायला लागले तरी वरून काही दिसत नाही. म्हणून "झाकण काढून पाहिलं, बेल्ट छान दिसतोय" या वाक्यावर माझा अजिबात विश्वास नाही.

जुन्या स्पोर्ट्‌स कारची खरी गोम हीच आहे. रोजच्या गाडीचे किलोमीटर आधी भरतात, हौसेच्या गाडीची वर्षं आधी भरतात. ९४४ साठी मी चार वर्षं किंवा सुमारे ४८,००० किलोमीटर, यातलं जे आधी येईल ते, असा हिशेब धरतो. माझ्यासारख्या माणसाचे ४८,००० किलोमीटर कधीच होणार नाहीत, म्हणजे माझ्यापुरता नियम चार वर्षांचाच. हल्लीचे बेल्ट हायड्रोजनेटेड नायट्राइल रबराचे असतात आणि जुन्या निओप्रीनच्या बेल्टपेक्षा उष्णता कितीतरी चांगली सोसतात, त्यामुळे मुदत वाढवायला हरकत नाही असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. बेल्ट नव्या रबराचा आला तरी त्याच्या भोवतीचे रोलर (बेल्टला वाट आणि ताण देणारे), तेल अडवणारी सीलं आणि पंप त्या जुन्याच आराखड्याचे आहेत.

प्रत्येक गाडीचं गणित वेगळं असतं, हेही सांगायला हवं. पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ मधलं १.६ लिटरचं इंजिन इंटरफिअरन्स नाही. तिथे बेल्ट तुटला तर गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिन वाचतं. फेरारी ३४८ किंवा एफ३५५ मध्ये बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. ३६० मध्ये सीटमागचं पॅनेल काढून हात घालायची सोय झाली आणि एफ४३० मध्ये बेल्ट जाऊन साखळीच आली. त्या मानाने ९४४ वाल्याचं नशीब चांगलं. इंजिन जागेवर ठेवूनच पुढच्या बाजूने सगळं करता येतं, फक्त जागा अरुंद आणि क्रम पक्का हवा.

मी सहा सुट्ट्या घातल्या. पहिली नुसती उघडण्यात गेली. बॅटरीची वायर काढली, कूलंट सोडलं, रेडिएटरचे पंखे काढले, अल्टरनेटर आणि पॉवर स्टिअरिंगचे बेल्ट उतरवले. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमच्या पुढच्या टोकाला बसतो, त्यामुळे त्याची कॅप आणि रोटर काढल्याशिवाय बेल्टचं झाकण निघत नाही. स्पार्क प्लगही काढून ठेवले. कॉम्प्रेशन नसलं की इंजिन हाताने अलगद फिरतं आणि कुठे काही अडलं तर पान्यातून लगेच कळतं.

मग पहिला सिलिंडर टॉप डेड सेंटरला, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला येईल तिथे, आणला. गाडी जर्मन असल्यामुळे फ्लायव्हीलवरची (क्रँकच्या मागच्या टोकाच्या जड चाकावरची) खूण 'ओटी', म्हणजे टॉप डेड सेंटरच्या जर्मन नावाची आद्याक्षरं, अशी आहे आणि ती त्या चाकाभोवतीच्या आवरणाच्या, बेलहाउसिंगच्या, छोट्या खिडकीतून टॉर्च मारून बघावी लागते. ती खाचेसमोर आली की वर कॅमच्या पुलीवरची खूणही मागच्या खाचेशी जुळायला हवी. इंजिन फिरवायचं ते फक्त घड्याळाच्या दिशेने. उलटं फिरवलं तर बेल्टची सैल बाजू बदलते आणि दात निसटण्याचा धोका असतो. गाडी पुढच्या गिअरमध्ये टाकून मागे ढकलली तरी इंजिन उलटंच फिरतं, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

झाकण निघालं आणि पहिल्यांदा बेल्ट नीट पाहता आला. वरून तो खरंच नव्यासारखा होता, अक्षरंसुद्धा स्पष्ट. पण बाहेर काढून दात बाहेर येतील असा उलटा वाकवला तेव्हा दोन दातांच्या मधल्या खळगीत केसाएवढी बारीक चीर उघडली. पुढच्या खळगीत दुसरी. बोट सरकवत गेलो तर जवळजवळ वीतभर लांबीत अशा चिरा होत्या, एकामागून एक. सोडला की मिटायच्या, वाकवला की उघडायच्या. खालच्या अंगाला तर बेल्टची कड तेलाने काळी आणि मऊ झाली होती, नखाने रबर खरवडून निघत होतं. तेल कुठून आलं ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही, क्रँकशाफ्टचं पुढचं सील पाझरत होतं. मागच्या वेळी ज्यांनी काम केलं त्यांनी बेल्ट तेवढा बदलला, सील तशीच ठेवली. रोलर कानाजवळ धरून फिरवला तर बेअरिंगमधून बारीक वाळू घासल्यासारखा आवाज येत होता. म्हणजे तोही बदललेला नव्हता.

या कामात चुकीची काटकसर होते ती इथेच. बेल्ट ही या सगळ्यातली स्वस्तातली वस्तू आहे. बेल्टचा जीव रोलरवर, सीलवर आणि पंपावर अवलंबून असतो. ९४४ मध्ये वॉटर पंप हाच बेल्ट फिरवतो, म्हणजे पंपाचं बेअरिंग जाम झालं तर नवा कोरा बेल्टही जातो. मी दोन्ही बेल्ट, सगळे रोलर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँक, कॅम व बॅलन्स शाफ्ट यांची पुढची सगळी सीलं एकदमच बदलली. क्रँकच्या बोल्टसाठी फ्लायव्हीलचे दाते अडवणारा लॉक लागतो. बोल्ट २१० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, तिथे अंदाजपंचे काम चालत नाही.

दोन्ही बेल्ट म्हटलं, कारण या इंजिनात दुसरा बेल्ट बॅलन्स शाफ्टचा असतो. एवढ्या मोठ्या चार सिलिंडरच्या इंजिनाची थरथर मारायला पोर्शेने मित्सुबिशीकडून परवाना घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. ते क्रँकच्या दुप्पट वेगाने, एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. म्हणून त्या बेल्टला दोन्ही बाजूंनी दात असतात. तो तुटला तर नुसती थरथर वाढेल असं वाटतं, पण त्याचा तुकडा शेजारच्या टायमिंग बेल्टमध्ये अडकला की पुढचं सगळं होऊ शकतं.

ताण देताना सगळ्यात जास्त घाम फुटला. १९८७ च्या मॉडेलपासून स्प्रिंगचा टेन्शनर आला. त्याला ऑटोमॅटिक म्हणतात, पण तो फक्त बोल्ट सैल केल्यावर स्प्रिंगच्या जोराने ताण बसवून देतो, चालत्या गाडीत काही करत नाही. माझ्या गाडीत त्याआधीचा, एक्सेंट्रिक (मध्यापासून बाजूला बसवलेला) रोलर हाताने फिरवून ताण देण्याचा प्रकार आहे. चिमटीत धरून बेल्टला पाव वळण देऊन बघायची जुनी पद्धत मला माहीत होती, पण प्रत्येकाच्या बोटांचा जोर वेगळा. त्या काळी पोर्शेने वर्कशॉपसाठी पी ९२०१ नावाचं ताण मोजायचं यंत्र काढलं होतं, ते एका परिचितांकडून मागून आणलं. इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचं, कारण गरम झालं की ॲल्युमिनियम फुगतं आणि ताण वाढतो. सैल राहिला तर दात सुटतो, जास्त झाला तर पंपाचं बेअरिंग खातो. ताण दिल्यावर क्रँकचे दोन फेरे, म्हणजे कॅमचा एक, हाताने सावकाश फिरवून पुन्हा खुणा पाहिल्या. मग पुन्हा ताण मोजला. पहिल्यांदा कमी आला, दुसऱ्यांदा बरोबर बसला.

सहाव्या सुट्टीच्या संध्याकाळी इंजिन सुरू केलं. पहिल्याच फटक्यात लागलं आणि माझे डोळे भरून आले. पण तीन हजार आरपीएमच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग आणि गिअरच्या दांड्याला एक बारीक, चिवट थरथर येत होती. टायमिंग चुकलं असतं तर इंजिन असं गोड चाललंच नसतं, म्हणजे संशय बॅलन्स शाफ्टवर. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उघडलं. खालच्या शाफ्टची खूण एका दाताने पुढे गेली होती. बेल्ट ताणताना पुली किंचित सरकली आणि फेरे मारल्यावर मी टायमिंगच्या खुणा पाहिल्या, या पाहिल्या नाहीत. दात परत जुळवला, त्या बेल्टच्या मधल्या रोलरचं अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा अर्धा मिलिमीटर ठेवलं (तो रोलर बेल्टला टेकता कामा नये) आणि झाकण लावलं. थरथर गेली.

सुमारे ३,००० किलोमीटर झाल्यावर ताण पुन्हा बघावा लागतो, कारण नवा बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो. माझे तेवढे किलोमीटर व्हायला चौदा महिने लागले. थंड इंजिनावर मोजलं तर ताण खरोखर उतरला होता, रोलर जरासा फिरवून परत बसवला. सीलं कोरडी होती. बॉनेटच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे : बेल्ट बदलल्याची तारीख, रीडिंग, काय काय नवं घातलं ते आणि सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, पुढच्या बेल्टचं वर्ष.