माझा अनुभव : पॉलिग्राफच्या खुर्चीत

आमच्या पतसंस्थेच्या तिजोरीत रोकड कमी भरली आणि किल्ली हाताळणाऱ्या आम्हा सगळ्यांना पोलिसांनी पॉलिग्राफबद्दल, म्हणजे यंत्राने खोटं पकडण्याच्या चाचणीबद्दल विचारलं. वकील म्हणाले, "तुमची मर्जी असेल तरच. जबरदस्ती चालत नाही, सेल्वी खटल्यात २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय." मी हो म्हटलं. ती संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते.

खुर्चीत बसवून लगेच सरबत्ती सुरू होईल, अशी माझी कल्पना. पण आधी बराच वेळ नुसतं बोलणं: झोप, आजार, चालू गोळ्या. मग चाचणी घेणाऱ्या मॅडमनी सगळेच्या सगळे प्रश्न वाचून दाखवले. उत्तर फक्त हो किंवा नाही. छातीपोटावर श्वासाच्या नळ्या, बोटांना घाम टिपणारे सेन्सर, दंडाला बीपीचा पट्टा. पट्टा फुगलेलाच राहतो आणि हाताला मुंग्या येतात, हे मात्र कुणी आधी सांगत नाही!

"आज बुधवार आहे का?" हो. "तिजोरीतली रोकड तुम्ही घेतलीत का?" नाही. घाम फुटला तो "या नोकरीआधी कधी दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतलीत का?" याला. छातीठोक नाही म्हणणारा माणूस असतो का कुठे?

नंतर वाचलं तेव्हा कळलं, तो प्रश्न त्यासाठीच असतो. अमेरिकेतले पॉलिग्राफतज्ज्ञ जॉन रीड यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही पद्धत. निर्दोष माणूस अशा मोघम प्रश्नाला जास्त बिचकतो, गुन्हेगार थेट प्रश्नाला, असं गृहीतक. मला ते पटत नाही. नोकरी जायची भीती असलेला निर्दोष माणूस थेट प्रश्नालाही दचकणारच; यंत्राला दचकणं दिसतं, कारण दिसत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लिकन यांची १९५९ची पद्धत जास्त सरळ वाटते. 'तुम्ही केलंत का' हे विचारायचंच नाही. रोकड कशात होती: पिशवीत, डब्यात, पाकिटात, फाइलमध्ये? खऱ्या पर्यायावर ज्याचं शरीर पुन्हा पुन्हा दचकतं, त्याला आतली माहिती आहे. जपानचे पोलीस हीच वापरतात. माझ्यावर का नाही, हे मी मॅडमना विचारलं होतं. "तो तपशील बाहेर फुटलेला नसावा लागतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडे तर कोणत्या कप्प्यातली किती बंडलं गेली, हे त्याच दुपारी शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

अहवाल थेट पोलिसांकडे गेला. नुसत्या त्यावर कोर्टात दोष सिद्ध होत नाही, त्यामुळे जबाब, सीसीटीव्ही, खतावण्या हे सगळं अजून चालूच आहे.