दहा मिलिलिटरच्या बाटलीत परफ्युम भरताना: माझा अनुभव

प्रवासासाठी छोटी बाटली निवडताना बहुतेक जण काच जाड आहे का, रंग कसला, एवढंच बघतात. मी आधी झाकण काढून तोंड बघते. परफ्युम गळतं ते तिथून, आणि उडून जातं तेही तिथूनच.

स्प्रेची टोपी फिरवून काढली की आत, बाटलीच्या काठावर टेकणारा पातळ वॉशर दिसायला हवा. नुसते आटे घट्ट करून भागत नाही. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायचा सल्ला बरेच जण देतात, पण झाकण बंद होतं ते वॉशरवर, आट्यांवर नाही. त्यामुळे वॉशर वाकडा किंवा काठाला टवका असेल तर पट्टीचा फारसा उपयोग नाही. काठावरून बोट फिरवायचं. खरखरीत लागलं तर ती बाटली बाजूला.

आता बाटली कशाची, हे. काच सर्वांत निर्धोक. प्लास्टिकची असेल तर तळाच्या त्रिकोणातला आकडा वाचावा. १ म्हणजे पेट, पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, दोन-तीन आठवड्यांच्या प्रवासाला चालतं. २ आणि ५ मध्ये अल्कोहोल टिकतं, पण हे प्लास्टिक वास शोषतं. संत्र्या-लिंबाचे वरचे सूर, म्हणजे फवारताच आधी जाणवणारे वास, आधी मंद होतात आणि परफ्युम फिकं पडल्यासारखं वाटतं. ६, म्हणजे पॉलिस्टायरीन, नकोच. ॲक्रिलिकही नको, अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात. चकचकीत ॲल्युमिनियमच्या नळ्या दिसतात छान, पण आतली टाकी बहुधा प्लास्टिकची असते, तेव्हा ती उघडून बघावी. रबरी फुगा असलेली ड्रॉपरची बाटली तर अजिबात नको. वाफेने रबर फुगतं, चिकट होतं आणि त्याचा वास आत उतरतो.

विकत आणलेली बाटली तशीच भरत नाही. थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलवते, पंपातून आठ-दहा फवारे मारते म्हणजे नळीही धुतली जाते, आणि उघडी ठेवून दिवसभर वाळवते. पाण्याने धुतली आणि थेंबभर पाणी आत राहिलं तर तेल वेगळं होऊन परफ्युम गढूळ दिसू शकतं. आधी दुसरा सुगंध भरलेला पंप मात्र कितीही धुतला तरी वॉशरमध्ये जुना वास धरून ठेवतो. बाटली पुन्हा वापरावी, पंप नवा घालावा.

भरायच्या दोन पद्धती आहेत. मूळ बाटलीचं तोंड आट्यांचं असेल तर बोथट सुईच्या सिरिंजने काढायचं. रबरी दट्ट्याची सिरिंज मी टाळते. पण बहुतेक बाटल्यांचं तोंड धातूच्या पट्टीने कायमचं आवळलेलं असतं, ते पकडीने उपटायच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी तळाला झडप असलेली छोटी बाटली घ्यावी. मूळ बाटलीची दाबायची टोपी ओढून काढायची, खाली जी बारीक नळी उरते ती झडपेत सरळ बसवायची आणि हळूहळू दाबायचं. तिरकी बसली की बोटांवर ओघळ येतो. झडपेची ही रबरी चकतीच पुढे सर्वांत आधी सैल पडते, म्हणून अशी बाटली महिनोन्‌महिने साठवायला वापरू नये.

किती भरायचं, हा प्रश्न विमानात खरा कळतो. काठोकाठ भरलं आणि बाटली उन्हात तापली तर द्रव फुगतो. ३० अंशांच्या फरकाने अल्कोहोल सुमारे ३ टक्के वाढतं, म्हणजे १० मिलिलिटरला जेमतेम ०.३. म्हणून अर्धा मिलिलिटर जागा सोडते. जास्त सोडणंही वाईट. उडताना केबिनमधला दाब जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो, आतली हवा पसरायला बघते आणि नळीतून द्रव वर ढकलते. अर्धी रिकामी बाटली, म्हणजे ५ मिलिलिटर हवा, पंप सैल असेल तर दीडेक मिलिलिटर बाहेर काढू शकते. अर्धा मिलिलिटर हवेला तेवढा जोरच नसतो. कपड्यांवरचा डाग बघून लोक बाटलीला दोष देतात, पण चूक बहुधा ती अर्धवट भरण्यात असते.

भरल्यावर परीक्षा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन लिहून ठेवायचं, बाटली टिश्यूवर आडवी ठेवायची आणि २४ तासांनी पुन्हा तोलायचं. १० मिलिलिटर परफ्युम साधारण साडेआठ ग्रॅम भरतं. एका दिवसात ०.१ ग्रॅम घटलं तर डाग दिसला नाही तरी वाफ निसटतेय. वॉशर बदला.

हातातल्या सामानात बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरपर्यंतचीच बाटली चालते, तीही एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. मोजतात ते बाटलीवर छापलेलं माप. १२५ मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी घोटभर उरलं असलं तरी ती अडते.

अत्तराचं गणित वेगळं. त्यात अल्कोहोल नसतं, तेल दाट असतं, स्प्रेचं बारीक छिद्र तुंबतं. त्याला स्टीलच्या गोळीची काचेची रोल-ऑन कुपी बरी. काचेच्या बुचाची नक्षीदार कुपी कपाटात शोभते, पण पिशवीत आडवी झाली की बूच निसटतं.

उरलेली मोठी बाटली खोक्यातच, बंद कपाटात, उभी ठेवते. न्हाणीघरात नाही, तिथे दिवसातून दोनदा ऊब आणि गारवा पडतो. छोट्या बाटलीसाठी तपकिरी काच निवडावी. निळी दिसायला सुरेख असली तरी ती उजेड कमी अडवते. बाटलीवर नाव आणि भरल्याची तारीख लिहून चिकटवते. प्रवासाहून आल्यावर उरलेलं मूळ बाटलीत परत ओतत नाही, दोन-तीन महिन्यांत वापरून संपवते.