दोन अंडीपुंज, एक बरणी

गेल्या वर्षी दिवाळीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या शेताच्या बांधावरून मी नाकतोड्यांचे दोन अंडीपुंज खणून आणले. एक लहान होता, दुसरा त्याच्या जवळजवळ दीडपट जाड होता, आणि दोन्ही एकमेकांपासून हातभर अंतरावर सापडले होते. मी ते एकाच बरणीत, ओलसर मातीत ठेवले आणि बरणीवर तारीख व गावाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. त्या वेळी मला ही नोंद पुरेशी वाटली होती. पुढच्या सहा महिन्यांत जे घडले, त्यानंतर मी माझ्या टिपणवहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे की एका कुपीत एकच पुंज ठेवायचा.

मे महिन्यात माती पुन्हा ओली केली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात बरणीतून नाकतोड्यांची पिल्ले निघू लागली. ती उघडपणे दोन प्रकारची होती, म्हणजे दोन्ही पुंजांतली काही अंडी सुखरूप राहिली होती. साधारण आठवड्याने झाकणाच्या जाळीवर काळे, सडपातळ, मुंगीपेक्षा फार मोठे नसलेले कीटक चढलेले दिसले. त्यांना पंख होते आणि उदर दोन्ही टोकांना निमुळते, चातीसारखे होते. मोजले तेव्हा ते १९ भरले. माती चाळली तेव्हा अंड्यांची रिकामी कवचे मिळाली. पिल्लू निघालेले कवच चिरलेले होते, तर काहींच्या टोकाला कुरतडून पाडलेले भोक होते. मात्र चाळताना दोन्ही पुंजांची कवचे एकमेकांत मिसळून गेली, आणि त्याच क्षणी माझ्याकडची सर्वांत मोलाची माहिती हातची निसटली.

हे कीटक गांधीलमाशीच्या गणातले असले तरी त्यांचा पोळे, डंख वा टोळीशी काही संबंध नसतो. आपल्याकडे उसाच्या खोडकिडीसाठी ज्यांची कार्डे शेतात लावतात त्या ट्रायकोग्रामाप्रमाणे हेही दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात आपले अंडे घालतात, फक्त ट्रायकोग्रामा पतंगांच्या उघड्यावरच्या अंड्यांकडे जातो आणि हे मातीखाली, फेसाच्या कोशात दडलेल्या नाकतोड्यांच्या अंड्यांपर्यंत पोहोचतात. अळी आतला बलक व गर्भ खाऊन वाढते, एका अंड्यातून बहुधा एकच प्रौढ बाहेर पडतो आणि यजमान मात्र कधीच वाचत नाही. यजमानाला जिवंत ठेवून त्याच्यावर पोसणाऱ्या खऱ्या परोपजीवींहून हा प्रकार म्हणूनच वेगळा समजला जातो.

प्रजातीपर्यंत (म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटापर्यंत, इंग्रजीत ‘जीनस’) पोहोचायला मला फारसा त्रास झाला नाही. मादीच्या शृंगिकेला (डोक्यावरच्या मिशीला) १२ खंड आणि टोकाशी गदेसारखा जाड भाग, नराच्या शृंगिकेला १० खंड, अंगावर खडबडीत खाचाखळग्यांचे नक्षीकाम, उदराच्या पहिल्या पट्टीवर लांबीच्या दिशेने समांतर रेषा, पंखांतल्या नसा पुसट आणि यजमान आखूड शृंगिकांचा नाकतोडा ही सगळी लक्षणे एकत्र पाहिली की स्केलिओ हे नाव पुढे येते. लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८०५ साली ही प्रजाती स्थापन केली. तिच्या जगभर दोनशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि ज्यांचे यजमान ठाऊक आहेत, त्या आखूड शृंगिकांच्या नाकतोड्यांच्या व टोळांच्या अंड्यांवरच वाढतात. कुलाचे नाव तेवढे मध्यंतरी हलले होते: २००७ साली सेलिओनिडी हे कुल प्लॅटिगॅस्ट्रिडी या कुलात विलीन केले गेले आणि २०२१ साली ते पुन्हा स्वतंत्र करण्यात आले. जुन्या व नव्या लिखाणात एकाच कीटकाचे कुल वेगवेगळे दिसते ते या कारणाने, तेव्हा वाचकाने गोंधळून जाऊ नये.

खरी अडचण जातीपाशी सुरू झाली. माझ्या १९ नमुन्यांत दोन आकार होते. काही सुमारे सव्वातीन मिलिमीटरचे आणि काही चार मिलिमीटरच्या किंचित वर. मोठ्यांच्या पायांचा रंग फिकट पिवळसर, तर लहानांचे पाय जवळजवळ काळे होते. पहिल्या संध्याकाळी मी वहीत ‘दोन जाती’ असे लिहून मोकळाही झालो. परंतु जो कीटक एका अंड्यातल्या शिदोरीवर संपूर्ण वाढतो, त्याचा आकार त्या अंड्याच्या आकारावर ठरतो. मोठ्या नाकतोड्याच्या अंड्यातून मोठा आणि लहान नाकतोड्याच्या अंड्यातून लहान कीटक निघणे अगदी स्वाभाविक आहे, मग जात एकच का असेना. पायांचा रंगही जातीच्या आत बदलू शकतो. म्हणजे माझ्यापुढे दोन शक्यता उरल्या: दोन जातींनी एकेक यजमान धरला होता, किंवा एकाच जातीने दोन्ही यजमानांवर अंडी घातली होती. पुंज वेगळे ठेवले असते तर कोणता आकार कोणत्या यजमानातून निघाला, हे निदान ठामपणे मांडता आले असते. एका बरणीने तो पुरावा संपवला.

म्हणून मी आकार आणि रंग बाजूला ठेवून, कमी बदलणाऱ्या लक्षणांकडे वळलो. सूक्ष्मदर्शकाखाली, पातळ कागदातून पसरवलेल्या प्रकाशात पाहणे भाग असते, कारण थेट दिव्याखाली या काळ्या, चकचकीत अंगावर फक्त पांढरे डाग दिसतात आणि खाचांचा आकार हरवतो. कपाळाच्या मध्यभागी गुळगुळीत पट्टा आहे की नाही, गालावरच्या रेषा सरळ आहेत की पंख्यासारख्या पसरलेल्या, डोक्याच्या बाजूची साधी अक्षिका (ठिपक्याएवढा साधा डोळा) संयुक्त डोळ्याच्या कडेपासून स्वतःच्या व्यासाच्या मानाने किती दूर आहे, वक्षाच्या पाठीवरचे खळगे सुटे आहेत की एकमेकांत मिसळून सुरकुत्या झालेले, आणि उदराच्या प्रत्येक पट्टीची लांबी तिच्या रुंदीच्या किती पट आहे, हे सगळे मी नोंदवले. निव्वळ मापापेक्षा गुणोत्तर बरेच अधिक भरवशाचे असते, कारण लहान आणि मोठ्या नमुन्यांत मापे बदलली तरी अनेक गुणोत्तरे जवळपास तशीच राहतात (सगळी नव्हेत, आणि कोणती टिकतात हे भरपूर नमुने मोजल्याशिवाय कळत नाही). माझ्या दोन्ही आकारांच्या माद्यांत कपाळाचे व वक्षाचे नक्षीकाम मला सारखेच दिसले. त्यामुळे माझा कल आता ‘एक जात’ या बाजूला झुकला आहे, पण कल म्हणजे निर्णय नव्हे.

मादीच्या उदराविषयी थोडे विषयांतर करतो, कारण ते पाहताना मी बराच वेळ हरवून गेलो होतो. स्केलिओच्या मादीचा अंडनिक्षेपक, म्हणजे अंडी घालण्याचा अवयव, बाहेरून दिसतच नाही. तो उदराच्या आत असतो, आणि शेवटच्या खंडांमधली घडी पडलेली पातळ त्वचा दुर्बिणीच्या नळीसारखी उलगडून त्याला लांब बाहेर ढकलते. स्नायूंच्या ओढीबरोबर शरीरातल्या द्रवाचा दाबही या कामी येतो. ऑस्ट्रेलियन टोळाच्या अंड्यांवर जगणाऱ्या स्केलिओ फुल्जिडस या जातीत ही यंत्रणा बारकाईने अभ्यासली गेली आहे. मातीत शिरून फेसाच्या बुचातून अंड्यांपर्यंत पोहोचायचे आणि त्यातल्या एकेका अंड्यात आपले अंडे सोडायचे, या कामासाठी उदर असे लांब व निमुळते असणे किती सोयीचे आहे, हे तेव्हा नीट उमगते.

नक्षीकामावर सगळा भर देण्याचा धोका किती मोठा असतो, हे या गटाचा इतिहासच सांगतो. ऑस्ट्रेलियात, मुख्यतः क्वीन्सलँडमध्ये काम केलेल्या ए. ए. जिरॉ यांनी सूक्ष्म गांधीलमाश्यांच्या हजारो जातींना नावे दिली. त्यांनी एका प्रजातीला शेक्सपिअरचे नाव दिले, दुसरीला गोएथेचे. तथापि त्यांची अनेक वर्णने दोन-चार ओळींची, एकाच नमुन्यावरून केलेली आणि यजमानाविषयी मौन बाळगणारी होती, आणि त्यातली काही पत्रके त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापून वाटली. पुढच्या पिढीला त्या दोन ओळींचा अर्थ लावण्यासाठी मूळ नमुन्यापाशी परत जावे लागले. जिरॉ यांची नजर अफाट होती यात मला शंका नाही. मात्र नाव देण्याची घाई आणि वर्णन करण्याचा कंटाळा एकत्र आले की पुढच्यांवर किती ओझे पडते, हेही त्यांच्याच कामात दिसते.

याच्या उलट उदाहरण १९३२ सालचे आहे. हवाईतल्या उसावर चिनी नाकतोड्याने बस्तान बसवले होते आणि त्याचे शत्रू शोधण्यासाठी सिरिल पेम्बर्टन १९३०च्या सुमारास मलायात गेले. तिथे भाताच्या पट्ट्यात त्यांना नाकतोड्यांच्या अंड्यांतून निघणारे स्केलिओ मिळाले, ते हवाईत नेऊन सोडण्यात आले आणि नाकतोड्याचा उपद्रव आटोक्यात आला. टिंबरलेक यांनी १९३२ साली या प्रदेशातल्या तीन नव्या जातींचे वर्णन केले: स्केलिओ पेम्बर्टोनी, मलायातल्या सर्डांगवरून स्केलिओ सर्डांजेन्सिस, आणि स्केलिओ हायरोग्लिफाय. तिसऱ्या नावात यजमानच बसलेला आहे, कारण हायरोग्लिफस म्हणजे आपल्या भातखाचरांतला नाकतोडा. जातीचे नाव वाचताच तिचे अन्न कळावे, याहून सोयीची चिठ्ठी कोणती असणार?

मला सर्वांत जवळचे वाटते ते मात्र १९१७ सालचे प्रकरण, कारण ते दख्खनचे आहे. ज्वारीवर येणारा बिनपंखी दख्खनी नाकतोडा अनेक शेतकऱ्यांना परिचित आहे. त्याचे शास्त्रीय नाव कोलेमॅनिया स्फेनारिऑइड्स. म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या लेस्ली कोलमन यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९१० साली स्पेनच्या इग्नासिओ बोलिव्हर यांनी त्यांच्याच नावावरून प्रजातीचे नाव ठेवले. हा नाकतोडा पावसाच्या सुरुवातीला जन्मतो, पावसाळ्याच्या शेवटाकडे प्रौढ होतो, हिवाळ्याच्या तोंडावर मातीत अंडी घालतो, आणि ती अंडी पुढच्या जूनपर्यंत तिथेच राहतात. याच नाकतोड्याच्या अंगाला चिकटून बसलेल्या एका चिमुकल्या मादी गांधीलमाशीचे वर्णन हार्वर्डच्या चार्ल्स ब्रूस यांनी १९१७ साली केले आणि तिला नाव दिले लेपिडोस्केलिओ व्हायाट्रिक्स. व्हायाट्रिक्स या लॅटिन शब्दाचा अर्थ प्रवास करणारी स्त्री. ती नाकतोड्याच्या मादीवर बसून फिरते, म्हणजे नाकतोडी अंडी घालील त्या क्षणी ती तिथे हजर असते. अंडी ताजी असतानाच हल्ला करणे फायद्याचे असते, कारण आतला गर्भ वाढून घट्ट झाला की अळीला तग धरणे अवघड जाते, आणि उघड्या रानात मातीखालचा एखादा पुंज शोधत हिंडण्यापेक्षा आईच्या पाठीवर बसून तिच्याबरोबर जाणे केव्हाही सोपे. ब्रूस यांच्या नमुन्याला यजमानाची वेगळी चिठ्ठी लावण्याची गरजच नव्हती, कारण ती यजमानाला धरूनच बसलेली होती.

माझ्या नमुन्यांचे आता काय, असे एका मित्राने विचारले, तेव्हा त्याला वाटले होते की मी त्यांना एखादे छानसे नाव देऊन टाकीन. तसे करता येत नाही. नवी जात मांडायची तर तिचे वर्णन प्रकाशित करावे लागते, एक नमुना होलोटाइप (त्या नावाचा आधार ठरणारा मूळ नमुना) म्हणून नेमून तो कोणत्या संग्रहात राहील हे सांगावे लागते, आणि २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रकाशन करायचे असेल तर प्राणिशास्त्रीय नावांच्या झूबँक या नोंदवहीत नोंदही करावी लागते. हे नियम काटेकोर असले तरी मला ते जाचक वाटत नाहीत. त्याआधीचे काम खरे किचकट आहे: भारतातून नोंदलेल्या प्रत्येक स्केलिओ जातीशी, आणि शेजारच्या देशांतल्या जातींशीही, माझे नमुने ताडून पाहावे लागतील. माझ्या कीटकांना आधीच नाव असण्याची शक्यता, नवी जात असण्याच्या शक्यतेपेक्षा मला कितीतरी अधिक वाटते.

तूर्तास मी दहा नमुने त्रिकोणी पुठ्ठ्याच्या टोकावर, छातीच्या उजव्या बाजूने डिंकाचा अगदी लहान ठिपका लावून बसवले आहेत, आणि नऊ तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. त्यांतून पुढे डीएनए घेता येईल, आणि दोन्ही आकारांच्या नमुन्यांचे डीएनए जुळले तर माझ्या ‘एक जात’ या अंदाजाला आधार मिळेल. यजमान मात्र डीएनएतून सहजी परत येणार नाही. चिठ्ठीवर मी गाव, तारीख, बांधाची बाजू, मातीची खोली असे सगळे लिहिले, आणि यजमानाच्या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिले: ‘नाकतोडा, दोनपैकी एक’.

या वर्षी वडिलांशी एक वाटाघाट झाली. उन्हाळ्यात बांध छाटून व नांगरट करून नाकतोड्यांची अंडी उघडी पाडायची, म्हणजे ती उन्हाने वाळतात आणि पाखरे टिपतात, हा सल्ला जुना व योग्य आहे, परंतु त्याच अंड्यांत झोपलेला स्केलिओही त्याबरोबर मरतो, हे त्यांना मी सांगितले. त्यांनी पूर्वेचा पंधरा पावलांचा बांध मला न छाटता ठेवायला दिला, आणि “तिथून हिंगे वाढले तर तू वेच” असे बजावले (हिंगे म्हणजे पिकावर येणारे भुंगे). हिंग्यांच्या अळ्याही नाकतोड्यांची अंडी खातात, हे त्यांना अजून सांगायचे आहे. दिवाळीनंतर तिथून आठ पुंज काढले असून आठ वेगळ्या नळ्यांत ठेवले आहेत. प्रत्येक नळीत पुंजाचा फोटो घेतल्याची नोंद आहे, आणि पाच नळ्यांमध्ये अंडी घालताना पकडलेली नाकतोडीही सुकवून ठेवलेली आहे.

माती पुन्हा ओली करायची वेळ मे अखेरीस येईल.