कॉस्ट किक अ बो?

शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, "आट ओरेट, डक?"

नोकरीसाठी इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटला येऊन मला चार दिवस झाले होते. शाळा-कॉलेजातलं सगळं इंग्रजी पणाला लावून मला त्यातलं फक्त बदक कळलं. मागे वळून पाहिलं. नव्हतं.

इथे लाडाने सगळेच डक. बसवाला, बँकेतला टायवाला, ओटकेकवाली. (ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाचं घावन. चीज घालून खातात. मी एकदा लसणाची चटणी घालून खाल्लंय. इथे कुणाला सांगितलेलं नाही.)

आजोबांनी मग माझी शिकवणीच घेतली. पाठ्यपुस्तक म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत 'सेंटिनेल' या इथल्या पेपरातली पिवळी कात्रणं. डेव्ह फॉलोज यांची 1980च्या दशकात सुरू झालेली चित्रमालिका, 'मे अन मार लेडी'. म्हणजे 'मी आन् आमची मंडळी'. नवरा-बायकोचा संसार, आणि बोलणं अस्सल पॉटरीजचं: टन्स्टॉलपासून लाँगटनपर्यंतच्या त्या सहा गावांचं, जिथे माती आणि कोळसा शेजारी शेजारी सापडले आणि पिढ्यान्‌पिढ्या कपबश्या घडल्या.

नुसत्या डोळ्यांनी वाचून काही कळेना. शेवटी वहीत देवनागरीत उतरवलं आणि गाठ सुटली. इथलं घरोघरी पाठ असलेलं वाक्यच घ्या: 'कॉस्ट किक अ बो अगेन अ वो अन येड इट टिल इट बॉस्ट्स?' भिंतीवर बॉल मारून, तो फुटेपर्यंत त्याला डोकं हाणशील का? 'येड' म्हणजे डोकं. आमच्यात ते ज्याच्या ठिकाणावर नसतं तो येडा, हे सांगितलं तर आजोबांना चहाचा ठसका लागला.

मी मात्र 'कॉस्ट'पाशी अडकले. ते 'कॅन्स्ट दाऊ'. 'आट ओरेट' म्हणजे 'आर्ट दाऊ ऑलराइट', बरी आहेस ना. शाळेत बाई सांगायच्या, इंग्रजीतला 'तू', म्हणजे हा 'दाऊ', शेक्सपिअरच्या नाटकांत राहिला. कसला राहतोय! इथे स्वयंपाकघरात बसून चहा पितोय. पुस्तकी इंग्रजीने सरसकट सगळ्यांना अहो-जाहो लावलं, अरे-तुरे या घरांनी सांभाळलं. माझी आजी मालवणीत 'काय करतंस गो?' विचारायची. मी तसं निबंधात लिहिलं तर खाली लाल रेघ. तिचं बोलणं कुणी चित्रासकट पेपरात छापलं असतं, तर आमच्याकडेही असा एक डबा असता.

परवा आजोबा पोह्यांना आले. इथल्या माणसांना एक खोड असते: बशी दिसली की उलटी करून कारखान्याचा शिक्का बघायचा. पोहे संपले, स्टीलची डिश उलटी झाली. मागे मशीनने नाव घातलेलं. त्या देवनागरीवरून बोट फिरवत आजोबांनी विचारलं, "कुठली फॅक्टरी, डक?"

"मामाकडून," मी वाचून दाखवलं.